बॅकअप नव्हता घेतला काय बे?

कुणाचं काम कॉम्प्युटरमधून उडालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. अमरावतीच्या हॉस्टेलात तो ‘बॅकअप नव्हता घेतला काय बे?’ असा येतो. अकोल्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये ‘सेव्ह करायला सांगितलं होतं ना?’ असा येतो. पुण्याला नोकरीला गेलात की तोच प्रश्न इंग्रजीत, जरा सभ्य आवाजात येतो. अर्थ तिन्ही ठिकाणी एकच: चूक तुझी. माणूस अजून रिकाम्या स्क्रीनकडे बघत असतो, नेमकं काय गेलं हेही त्याला पुरतं कळलेलं नसतं, आणि आपण त्याचा कबुलीजबाब घ्यायला बसतो.

मला हा प्रश्न मुळातच आवडत नाही. पण ज्या सॉफ्टवेअरचं कामच जुनं जपून ठेवणं आहे, त्यानेच काम खाल्लं तरी आपण हाच प्रश्न विचारतो, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

जुनं जपून ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्जन कंट्रोल. ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोजेक्टच्या फाइलला आपण ‘फायनल’, मग ‘फायनल-२’, मग ‘फायनल-खरंच-शेवटचं’ अशी नावं देत जातो ना, तेच काम हे सॉफ्टवेअर शिस्तीत करतं. कामाच्या प्रत्येक टप्प्याला तुम्ही ‘कमिट’ म्हणजे नोंद करायची. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं राहतं आणि हवं तेव्हा मागच्या टप्प्यावर जाता येतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलेलं गिट हे त्यातलं आज सगळ्यात चालणारं. फोनवर तुम्ही हा लेख ज्या ब्राउझरमध्ये वाचताय, त्यामागचा कोडही अशाच कुठल्यातरी नोंदवहीत राहतो. थोडक्यात, हे सॉफ्टवेअर विकत किंवा फुकट घेताना आपण एकच वचन घेत असतो: गेलेलं परत मिळेल.

आता २०१७ सालची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या संपादकात एका माणसाने आपला प्रोजेक्ट उघडला. त्याच्या सांगण्यानुसार काम तीन महिन्यांचं होतं. तोवर त्याने व्हर्जन कंट्रोल वापरलेलं नव्हतं, म्हणून बाजूला दिसणारं ते बटण दाबून पाहिलं. संपादकाने पाच हजार फाइली ‘बदल’ म्हणून दाखवल्या. त्याला वाटलं, हे काय भलतंच, नको आपल्याला. म्हणून त्याने ‘बदल टाकून द्या’ अशा अर्थाचं बटण दाबलं. हे मागे घेता येणार नाही असा इशारा आला, त्यालाही त्याने हो म्हटलं. आणि पाच हजार फाइली गेल्या. रिसायकल बिनमध्येही नाहीत. कायमच्या.

त्याने रागाच्या भरात, मोठ्या अक्षरांत, शिव्या घालत तक्रार लिहिली. ती जगभर फिरली. लोक पोट धरून हसले. आजही नव्या डेव्हलपरला ती तक्रार ‘हे वाच, धमाल आहे’ म्हणून पाठवली जाते. तीन महिन्यांचं काम गेलेला माणूस विनोद होऊन बसला.

पण त्याच्या जागेवर उभं राहून बघा. ‘बदल टाकून द्या’ याचा साध्या माणसाच्या भाषेतला अर्थ काय? मी इथे येण्याआधी जसं होतं तसं करा, इतकाच. गिटच्या हिशेबात मात्र त्या फाइलींची आधी नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणजे ‘आधीची’ स्थिती कोणती? फाइल नसण्याची. मग आधीसारखं करायचं म्हणजे फाइल पुसायची! यंत्राच्या तर्कात कुठेही चूक नाही. त्या तर्काने एका माणसाचं घर जळलं, एवढंच.

तिथे वाद काय झाला? हा बग आहे की नाही. सॉफ्टवेअरने लिहिल्याप्रमाणेच काम केलं, इशाराही दिला, मग बग कसला? हा युक्तिवाद करणारे हुशार असतात, त्यांना गिटच्या आतली रचना पाठ असते, आणि नेमकी म्हणूनच त्यांना समोरच्या बटणावर काय लिहिलंय ते दिसत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. जपण्याचं वचन देणाऱ्या अवजाराच्या हातून एखाद्याचं काम कायमचं गेलं, तर तो बग आहे. कोड लिहिल्याप्रमाणे चालला की नाही, हा नंतरचा आणि घरातला प्रश्न.

यावर उत्तर येतं की सुरीनेही बोट कापतं, सुरीवाल्याला काय दोष देता? सुरी चांगलीच उपमा आहे, कारण सुरीने कधी ‘कापलेलं परत जोडून देईन’ असं म्हटलेलं नाही. व्हर्जन कंट्रोलने म्हटलंय. शिवाय सुरीला मूठ असते. कुठे धरायचं आणि कुठे नाही, हे हातालाच कळतं, त्यासाठी माहितीपुस्तिका वाचावी लागत नाही.

गंमत म्हणजे अवजार बनवणारे स्वतः इतके हट्टी नसतात जितके त्यांचे भक्त. व्हीएस कोडमध्ये पुढे नोंद नसलेल्या फाइलींसाठी वेगळा, स्पष्ट इशारा आला, की ही फाइल पुसली जाईल आणि परत मिळणार नाही. गिटमध्ये पूर्वी साधा ‘पुश’ केला की नावं जुळणाऱ्या सगळ्या शाखा एकदम वर ढकलल्या जायच्या. त्यात जबरदस्तीचा पर्याय चुकून लागला तर सहकाऱ्यांचं काम झाकलं जायचं. २०१४ साली गिट २.० आलं तेव्हा ही मूळ सवय बदलून फक्त चालू शाखा पाठवायची अशी केली. ‘चेकआउट’ या एकाच आज्ञेने शाखाही बदलायची आणि फाइलमधले बदलही पुसले जायचे. एक शब्द चुकला की दुपारभराचं काम गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गिट २.२३ मध्ये त्यासाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. धोका संपला असं नाही, रिस्टोअरही न नोंदलेले बदल पुसतंच. पण निदान नावावरून कळतं की आपण कशाला हात लावतोय. म्हणजे बनवणाऱ्यांनी मान्य केलं की पाटी चुकीची होती. इकडे आपला सीनियर अजून ‘काऊन बे, कमिट नव्हतं केलं काय?’ वरच अडकलेला.

आता दुसरी घटना घ्या, तीही २०१७ चीच. गिटलॅब ही लाखो लोकांचे प्रोजेक्ट सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारीच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १ फेब्रुवारीच्या पहाटे साडेचारच्या सुमारास, तिथल्या एका इंजिनिअरने डेटाबेसची फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. पुसायची होती दुय्यम सर्व्हरवरची, आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं. तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

ठीक आहे, बॅकअप असेलच की. कंपनीकडे बॅकअपच्या आणि प्रतींच्या मिळून पाच व्यवस्था होत्या. पाचपैकी एकही धड चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती. हे त्यांनीच जाहीर लिहिलं. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता, तो रोज अपयशी होत होता. अपयशाचा ईमेल जात होता, पण समोरचा मेल सर्व्हर तो नाकारत होता, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. ज्या ऑनलाइन साठ्यात बॅकअप जमा व्हायचे तो रिकामा. डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरना लावलेलीच नव्हती. शेवटी वाचवलं ते योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून सगळं उभं करायला सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा-साडेसहा तासांतलं जे काही होतं ते गेलं: सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० प्रतिक्रिया, ७०० नवी खाती. लोकांच्या कोडच्या रिपॉझिटरी बचावल्या, कारण त्या वेगळीकडे होत्या.

गिटलॅबने यानंतर जे केलं ते खरंच शिकण्यासारखं आहे. दुरुस्तीच्या नोंदींचं कागदपत्र त्यांनी काम चालू असतानाच सगळ्यांना उघडं केलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतरच्या अहवालात इंजिनिअरच्या डोक्यावर खापर फोडलं नाही, प्रश्न पुढे नेला: बॅकअप नियमितपणे तपासला का गेला नाही? कारण बॅकअपची जबाबदारी कुणा एकाची नव्हतीच. हे वाक्य कुठल्याही ऑफिसच्या भिंतीवर लावावं असं आहे.

जगाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पारदर्शकतेचा आदर्श म्हणून आजही ते उदाहरण देतात. मलाही ते मान्य आहे. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकटा माणूस, नवखा, बॅकअप शून्य: जगभर चेष्टा. मोठी कंपनी, पगारी तज्ज्ञ, लोकांचा डेटा सांभाळणं हाच धंदा, पाच बॅकअप आणि पाचही निकामी: जगभर कौतुक. ‘बॅकअप नव्हता घेतला काय बे?’ हा प्रश्न जिथे विचारायला हवा होता तिथे तो विचारताना आपली जीभ कशी छान आवरली! त्या ५,००० प्रोजेक्टवाल्यांपैकी एकाचं तरी नाव, एकाची तरी हकिगत तुम्ही वाचली आहे? मी नाही. गोष्ट इंजिनिअरची झाली, कंपनीची झाली. ज्यांचं गेलं ते आकड्यात राहिले.

हीच माझी मुख्य तक्रार आहे. डेटा गेल्याची घटना आपण बनवणाऱ्याच्या अब्रूचा प्रश्न म्हणून हाताळतो. अब्रू वाचवायची असेल तर कधी लपवतो, कधी वापरणाऱ्यावर ढकलतो, आणि फार हुशार असलो तर उघडपणाने जिंकून घेतो. ज्याचं गेलं त्याला आज रात्री काय करायचंय, हे या तिन्हीत मागे पडतं.

त्याला आज रात्री काय हवं असतं? आधी कुणीतरी ठामपणे सांगायला हवं असतं की थांब, आता कशालाही हात लावू नकोस. गिटमध्ये एकदा कमिट झालेलं काम सहसा लगेच मरत नाही. शाखा पुसली, इतिहास उलटापालटा केला, तरी ‘रिफ्लॉग’ नावाची आतली रोजनिशी असते. कुठल्याही शाखेत न उरलेल्या कमिटच्या नोंदी तिच्यात मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतात, बाकीच्या ९० दिवस. नुसतं ‘अ‍ॅड’ केलेलं, कमिट न झालेलंही ‘एफएससीके’ या तपासणीत कधी कधी सापडतं. घाबरून फोल्डर पुसून नव्याने क्लोन केला की मात्र ही रोजनिशीही गेली. बहुतेकांचं काम बग खात नाही, बगनंतरची पहिली पंधरा मिनिटं खातात. आणि ती पंधरा मिनिटं आपण त्याला ‘बॅकअप का नव्हता’ हे विचारण्यात घालवतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणी ‘भाऊ, सगळं गेलं’ असं टाकलं की खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, आणि रिफ्लॉगचं नाव येतं ते दुसऱ्या दिवशी, त्याने सगळं पुसून झाल्यावर.

यात आणखी एक खोटा धीर असतो, ‘अरे गिट आहे, प्रत्येकाकडे प्रत असतेच.’ केडीई हा मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा जुना प्रकल्प. २०१३ च्या मार्चमध्ये त्यांचा मुख्य गिट सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करून चालू केला तेव्हा फाइल व्यवस्था बिघडलेली निघाली. सुमारे १,५०० रिपॉझिटरी. जगभर त्यांचे आरसे होते, म्हणजे मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल ठेवणारे सर्व्हर. त्यांनी इमानेइतबारे नक्कल केली: बिघाडाचीही. मुख्य सर्व्हर म्हणतो रिपॉझिटरी नाही, तर आरशानेही काढून टाकली. नशिबाने एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्या लोकांनी नंतर स्वतःच सविस्तर लिहिलं. तुमचे फोनमधले फोटो ‘सिंक’ होतात म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर हा परिच्छेद पुन्हा वाचा. सिंकला पुसणंही सिंक करता येतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, हा कोड लिहिणाऱ्या पोट्ट्यांचा प्रश्न. मोर्शीच्या संत्राबागाइतदाराला याचं काय? त्याच्याकडे तर आपल्यातलं सगळ्यात जुनं चालू व्हर्जन कंट्रोल आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की सात-बारावर थेट खाडाखोड होत नाही. आधी फेरफाराची नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हा कुठे सात-बारा बदलतो. तेव्हाही जुन्या मालकाचं नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात, आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. त्या क्रमांकाचा माग काढत गेलात की आजोबांपर्यंत पोचता. गिटच्या कितीतरी आधी आपल्या तलाठ्याला इतिहास न पुसता बदल कसा करायचा हे ठाऊक होतं.

मग सात-बारा कॉम्प्युटरवर आला. हाताने लिहिलेलं लाखो पानांचं दप्तर टाइप झालं, आणि टाइप होताना चुका शिरल्या. कुणाचं नाव बदललं, कुणाचं क्षेत्र. हे मी आरोप म्हणून सांगत नाही. हस्तलिखित आणि संगणकीकृत सात-बारा जुळवण्यासाठी शासनाने आधी एडिट आणि मग रि-एडिट अशी दुरुस्तीची मोहीमच काढली, २०१७ साली गावोगावी चावडीवाचन केलं. आणि त्यात त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली असं मला वाटतं. चावडीवर बसून सात-बारा मोठ्याने वाचायचा, गावाने ऐकायचा, चूक असेल तर सांगायची. डेटा बिघडला असेल अशी शंका आहे, या आणि बघा, हे जाहीर सांगणं कितीतरी सॉफ्टवेअर कंपन्यांना अजून जमत नाही.

पण त्या दिवशी जो चावडीवर नव्हता, त्याचं काय? पुण्यात कामाला गेलेला, दवाखान्यात असलेला, माहेरच्या जमिनीत नाव असलेली बहीण. अशांसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे, लेखनप्रमाद दुरुस्तीचं. किती सुंदर शब्द आहे, लेखनप्रमाद! प्रमाद लिहिणाऱ्याचा. अर्ज मात्र ज्याचं गेलं त्याचा. जुन्या हस्तलिखित नकला त्याने काढायच्या, फेरफाराच्या प्रती त्याने जोडायच्या, तहसीलच्या चकरा त्याच्या. तोवर पीककर्ज अडलं, नुकसानभरपाईची यादी निघून गेली, तर तेही त्याचंच. ‘तुमच्याकडे जुना सात-बारा आहे काय?’ हा प्रश्न कानाला नीट ऐकलात तर ‘बॅकअप नव्हता घेतला काय बे?’ हाच आहे, फक्त सरकारी मराठीत. दप्तर कुणाचं? शासनाचं. जपायचं कुणी? शासनाने. पुरावा कुणी द्यायचा? घरी ट्रंकेत ज्याने कागद ठेवला असेल त्याने.

त्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आता मराठी भाषा विद्यापीठामुळे नाव सगळ्यांना माहीत झालंय. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी इथे जमवल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट, १२७८ हे साल रूढ आहे. ज्याने पाहिलं, ज्याने ऐकलं, त्याला गाठायचं, विचारायचं, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं, अशी पद्धत. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. आणि पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेतून आलेल्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं पंथाची परंपरा सांगते. सर्व्हर गेला. बॅकअप नव्हता.

आता त्या लोकांनी काय केलं ते पाहा, कारण यापेक्षा चांगली डेटा-दुरुस्ती मला ठाऊक नाही. ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडे जाऊन पुन्हा लिहून काढलं. त्यात हिराइसा नावाची एक बाई होती, एकदा ऐकलं की पाठ होणारी. तिच्या आठवणीतून निघालेला तो हिराइसा पाठ. परशरामबासांचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा. हे पाठ कुठे कुठे जुळेनात. मग एक खरा धरून बाकीचे जाळले का? नाही. एकाच लीळेत, अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, असं नावानिशी नोंदवून ठेवलं. वासना म्हणजे इथे त्या माणसाच्या स्मरणातला पाठ. कुणाला काय आठवतं आणि कुठे मतभेद आहे, दोन्ही जपलं. वि. भि. कोलत्यांनी १९७८ साली लीळाचरित्र संपादून छापलं तेव्हा सातशे वर्षांमागचे हे पाठभेद हाताशी होते, कारण कुणीतरी दुरुस्ती करताना खोटी एकवाक्यता आणली नव्हती.

बारकाईने पाहा, यात ज्याच्याकडून पोथी हरवली त्याचा पंचनामा कुठेच मध्यभागी नाही. मध्यभागी आहे ते हरवलेलं.

अर्थात त्यांचंही सगळं गोड मानायचं कारण नाही. पुढे पंथाने आपलं वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत नेलं. त्याने पोथ्या शाबूत राहिल्या, बाहेरच्यांनी भर घालायचं टळलं, हे खरं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपीची उकल होईपर्यंत मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ मराठी वाचकालाच बंद होता. पासवर्ड लावून ठेवलेला बॅकअप आणि पासवर्ड मोजक्यांच्या डोक्यात: हेही एक प्रकारे हरवणंच, फक्त हप्त्याहप्त्याने.

रिद्धपूरचा हिशेब लावून आजच्या आपल्या गल्लीतल्या सॉफ्टवेअरकडे बघावंसं वाटतं. अमरावती-अकोल्यात आता दोन-तीन खोल्यांच्या कितीतरी सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. अडत्यांचं बिलिंग, शाळांच्या फीचा हिशेब, पतसंस्थांचं खातेवही, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, हे सगळं तिथे बनतं. बनवणारे तुमच्यातलेच, कालपर्यंत बडनेऱ्याच्या किंवा शेगावच्या कॉलेजात होते. यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उद्या बग निघेल आणि नोंदी जातील. ते टळणार नाही, मोठ्यामोठ्यांचं टळलेलं नाही. माझं भांडण बगशी नाहीच. भांडण त्या एका ओळीशी आहे जी तुम्हाला रोज फोनवर अ‍ॅप अपडेट करताना दिसते: ‘बग दुरुस्त केले, कार्यक्षमता वाढवली.’

या ओळीखाली काय काय पुरलेलं असतं! बटणाचा रंग बदलला असेल तर ही ओळ चालेल. पण मागच्या आवृत्तीने लोकांच्या नोंदी खाल्ल्या आणि तुम्ही ते गुपचूप दुरुस्त केलं, तर ही ओळ म्हणजे फसवणूक आहे. ज्याचं गेलंय त्याला अजून कळलेलंही नाही. तो वर्षअखेरीस ताळेबंद लावेल, तेव्हा तीन पावत्या कमी येतील, आणि तो मुनीमावर संशय घेईल. मुनीम बिचारा दिवाळीआधी कामावरून जाईल. बग कुणाच्या कोडमध्ये होता ते कुणालाच कळणार नाही, बनवणाऱ्यांच्या रिपॉझिटरीत मात्र तो व्यवस्थित तारखेनिशी, ‘डेटा लॉस फिक्स’ अशा नावाने कमिट झालेला असेल. स्वतःचा इतिहास असा चोख जपायचा आणि गिऱ्हाइकाचा गेला हे त्याला सांगायचंही नाही!

सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खरी आहे. गाव लहान आहे, बातमी सराफा लाइनपासून एमआयडीसीपर्यंत दुपारच्या चहाला पोचते. पण सांगायला कारण पूर्ण कळेपर्यंत थांबू नका. कुठल्या तारखांचं धोक्यात आहे आणि काय करू नये, एवढं कळलं की फोन उचलायचा. मजकूर सोपा आहे, मीच लिहून देतो:

‘शेठजी, आमच्या मागच्या अपडेटमध्ये आमच्याकडून चूक झाली आहे. १२ तारखेपासून १९ तारखेपर्यंत दुरुस्त केलेल्या पावत्यांमधल्या काही पुसल्या गेल्या असतील. आजचा दिवस कॉम्प्युटर बंद ठेवा, नवीन बॅकअप घेऊ नका, जुन्यावर बसेल. आमचा माणूस चार वाजेपर्यंत येतो. तोवर त्या आठवड्याच्या कागदी पावत्या, मोबाइलवर पाठवलेल्या बिलांचे फोटो, हमालाची वही, जे असेल ते बाजूला काढून ठेवा. जे सापडेल ते कुठून सापडलं हे लिहून भरू, जे नाही सापडलं तेही लिहून ठेवू. याचे पैसे लागणार नाहीत.’